रुंद चौकट आणि बोलणारा माणूस

१

भाषेच्या अभ्यासकाने कॅमेरा हाती घेतला की त्याला अनेक निर्णय घ्यावे लागतात. मायक्रोफोन कोठे ठेवावा, प्रकाश कोणत्या बाजूने घ्यावा, भाषकाला मुद्दाम बसवून बोलते करावे की त्याच्या रोजच्या कामात असतानाच गाठावे, या प्रश्नांचा ऊहापोह क्षेत्रकार्याच्या शिकवणीत होतच असतो. एक निर्णय मात्र बहुधा कोणी घेत नाही. तो आधीच झालेला असतो. तो म्हणजे चित्राच्या चौकटीचे प्रमाण. कॅमेरा ज्या प्रमाणात चित्र देतो तेच चित्राचे स्वाभाविक रूप असे गृहीत धरले जाते, आणि त्यातून कोणी निवड केलीच तर ती ‘सिनेमासारखे दिसावे’ या हौसेने केली जाते. वर-खाली काळ्या पट्ट्या असलेले अतिरुंद चित्र आजकाल लग्नसमारंभाच्या चित्रमुद्रणापासून विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांपर्यंत सर्वत्र दिसते, ते याच हौसेचे फळ होय.

समारंभाच्या चित्रात या हौसेने कोणाचे फारसे बिघडत नाही. परंतु जे चित्र पुरावा म्हणून जपून ठेवावयाचे आहे, त्याच्या बाबतीत चौकट हा शोभेचा प्रश्न राहत नाही. चौकटीबाहेर गेलेली वस्तू पुराव्यातून गेली, आणि ती परत मिळण्याची शक्यता किती, हे त्या भाषेच्या भाषकांच्या संख्येवर अवलंबून असते. मराठीच्या बाबतीत चुकलेले चित्रण उद्या पुन्हा करता येते. बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, सातपुड्याच्या पायथ्याशी, जळगाव जामोद तालुक्यात बोलल्या जाणाऱ्या निहालीच्या बाबतीत तशी खात्री देता येत नाही.

निहाली ही भारतातील मोजक्या एकाकी भाषांपैकी एक. जॉर्ज ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या १९०६ मध्ये निघालेल्या चौथ्या खंडात स्टेन कोनो यांनी तिची नोंद केली. १९५७ साली भट्टाचार्य यांची क्षेत्रटिपणे प्रसिद्ध झाली आणि १९६२ साली क्वीपर यांनी तिचा तौलनिक अभ्यास मांडला. कोरकू, द्राविडी आणि आर्य भाषांतून आलेले शब्द वगळले तरी तिच्या शब्दसंग्रहाचा सुमारे चतुर्थांश भाग असा उरतो की ज्याला आसपासच्या कोणत्याही भाषाकुळात आप्त सापडत नाहीत. पुढे के. एस. नागराज यांचे निहालीचे व्याकरण २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील शैलेंद्र मोहन यांनी तिच्या प्रलेखनाचे काम हाती घेतले. भाषकांची संख्या दोन-अडीच हजारांच्या घरात सांगितली जाते, आणि तेही सर्व जण घरीदारी निहालीच बोलतात असे नव्हे. अशा भाषेचे एक तासाचे चित्रमुद्रण हे कदाचित त्या प्रकारचे शेवटचे चित्रमुद्रण ठरू शकते. म्हणून रुंद चौकटीचा प्रश्न येथे रसिकतेचा नसून पद्धतीचा आहे, आणि त्याची चिकित्सा पद्धतीच्याच अंगाने झाली पाहिजे.

२

या चिकित्सेत पहिला घोटाळा नावाचा आहे. ‘रुंद पडदा’ या एकाच नावाखाली दोन परस्परविरुद्ध क्रिया वावरत आल्या आहेत, आणि त्यांतील भेद लक्षात न घेतल्यामुळेच आजची रूढी निर्माण झाली आहे.

मूकपटाच्या काळापासून चित्रपटाची चौकट चारास तीन या प्रमाणाच्या आसपास होती. बोलपट आल्यावर अमेरिकेत १९३२ मध्ये ती १.३७ या प्रमाणात स्थिरावली. म्हणजे उंची एक धरली तर रुंदी १.३७. या जवळजवळ चौकोनी चित्राचे एक सामर्थ्य होते. खालपासून वरपर्यंतचा संबंध त्यात सहज सामावत असे. प्रभातच्या १९३६ मधील ‘संत तुकाराम’ या चित्रपटात शेवटी विमान वर जाते, तेव्हा वर जाणारा एक आणि खाली उरलेले इतर हा जो संबंध दाखवावयाचा आहे तो उभा आहे. त्या प्रसंगाला मिळालेली चौकट त्या संबंधाला साजेशी होती. ती काळाची मर्यादा असली तरी प्रसंगाची अडचण नव्हती.

१९५३ साली ‘द रोब’ या चित्रपटाने सिनेमास्कोप पद्धत लोकांपुढे आणली. हिचे तत्त्व असे की एका विशेष भिंगाने दृश्य आडव्या दिशेने निम्मे आकसून फिल्मवर घ्यावयाचे आणि दाखविताना तशाच भिंगाने ते पुन्हा दुप्पट पसरावयाचे. म्हणजे फिल्मची उंची न गमावता पूर्वीपेक्षा अधिक रुंद दृश्य कॅमेऱ्यात येते. भारतात ही पद्धत प्रथम १९५९ मध्ये गुरु दत्त यांच्या ‘कागज के फूल’ या चित्रपटासाठी वापरली गेली. छायालेखक व्ही. के. मूर्ती यांनी ओसाड स्टुडिओत आरशांच्या साहाय्याने आणलेला सूर्यप्रकाशाचा झोत आणि त्या झोताच्या दोन बाजूंना असलेली दोन माणसे हे दृश्य ज्यांनी पाहिले असेल, त्यांना रुंदीचे प्रयोजन वेगळे समजावून सांगावे लागत नाही. त्या दोघांमधली मोकळी जागा हाच तेथे विषय आहे. जुन्या चौकटीत ती जागा मावली नसती, किंवा ती मावविण्यासाठी माणसे ओळखू येणार नाहीत इतकी लहान करावी लागली असती.

परंतु त्याच १९५३ साली दुसरीही एक क्रिया सुरू झाली होती. ‘शेन’ हा चित्रपट जुन्या प्रमाणात चित्रित झालेला असताना, रुंद पडद्याची हवा आहे म्हणून, चित्राचा वरचा व खालचा भाग झाकून तो १.६६ या प्रमाणात दाखविण्यात आला. येथे रुंदी मुळीच वाढली नाही. उंची तेवढी कमी झाली. प्रेक्षकाला चित्र रुंद भासले, कारण रुंदी हे प्रमाण आहे, आणि उंची कापली तरी प्रमाण वाढते.

पहिली क्रिया रुंदावण्याची, दुसरी कापण्याची. व्हिडिओच्या युगात जी रुंद चौकट सर्वांच्या हाती आली ती प्रायः दुसऱ्या जातीची होती. भारतात दूरदर्शनसाठी रूढ असलेल्या पाल पद्धतीत चित्राच्या ५७६ ओळी दिसत. या चारास तीन चित्रावर पट्ट्या टाकून सोळास नऊ असे प्रमाण साधले की ४३२ ओळी उरतात. चौथा भाग गेला. दोन हजार सालाच्या आसपास मिळणाऱ्या अनेक छोट्या डिजिटल कॅमेऱ्यांतील ‘रुंद’ बटण हेच करीत असे, किंवा त्या उरलेल्या ४३२ ओळीच ताणून पुन्हा ५७६ करीत असे, ज्यात नवी माहिती काहीच नसे. पुढे मूळ सेन्सरच सोळास नऊ या आकाराचे झाले, तेव्हा ही अडचण संपली. पण लगेच तीच क्रिया पुढच्या पायरीवर सुरू झाली. आज १९२० बाय १०८० च्या चित्रावर २.३९ या प्रमाणाच्या पट्ट्या टाकल्या की १०८० पैकी सुमारे ८०३ ओळी उरतात. पुन्हा चौथ्या भागाहून थोडा अधिकच भाग गेला. साधन बदलले, हौस तीच राहिली, आणि तिची किंमतही तेवढीच राहिली.

सोळास नऊ या प्रमाणाविषयीही एक गैरसमज दूर केला पाहिजे. ते मानवी दृष्टीच्या घडणीवरून काढलेले आहे असे सांगितले जाते. वस्तुतः ते एक तडजोडीचे प्रमाण आहे. १.३३ आणि २.३५ या दोन टोकांचा भूमितीमध्य १.७७ येतो, आणि सोळास नऊ म्हणजे १.७८. जुनी आणि नवी, दोन्ही प्रकारची चित्रे ज्यात कमीत कमी नासाडीने बसावीत असा तो सामायिक डबा आहे. त्याला निसर्गाची मान्यता चिकटविण्याचे कारण नाही. आणि तडजोड म्हणून त्याला हिणविण्याचेही कारण नाही, हे पुढे दिसेल.

३

आता बोलणाऱ्या माणसाकडे वळावे. बोलणे हे केवळ तोंडाचे काम नाही, हे विधान आज नवे राहिलेले नाही. डेव्हिड मॅक्नील यांनी १९९२ मध्ये बसलेल्या वक्त्याभोवतीच्या हस्तसंकेतांच्या क्षेत्राची आकृती काढून दाखविली. ॲडम केंडन यांनी हस्तसंकेत हा उक्तीचाच दृश्य भाग होय अशी मांडणी केली. तथापि या मुद्द्यासाठी दूर जाण्याची आवश्यकता नाही. मराठी व्याकरणात ज्यांना सार्वनामिक विशेषणे म्हणतात ती पुरेशी आहेत.

‘एवढा’ हा शब्द घ्यावा. ‘तो एवढा होता तेव्हा त्याचा बाप गेला’ हे वाक्य कागदावर उतरविले तर ते व्याकरणदृष्ट्या पूर्ण असूनही अर्थाच्या दृष्टीने अपुरे राहते. त्याचा उरलेला अर्थ वक्त्याच्या तळहातात असतो. तो तळहात जमिनीपासून किती उंच धरला आहे, यावर मूल रांगणारे होते की शाळेत जाणारे हे ठरते. ‘असा’ या शब्दाचेही तेच. ‘असा वळला’, ‘असं विळ्यानं कापायचं’ या बोलण्यात क्रियाविशेषणाचा आशय मनगटात असतो. वऱ्हाडी वक्ता ‘अठी’ आणि ‘तठी’ म्हणतो तेव्हा बोटाची किंवा हनुवटीची दिशा हा त्या शब्दाच्या अर्थाचा घटकच असतो. अशा शब्दांचे ध्वनिमुद्रण हे अर्धे मुद्रण होय. दर्शक शब्द ही कोणत्याही भाषेची गाभ्याची सामग्री असल्यामुळे, ज्या भाषेचे व्याकरण अजून घडत आहे तिच्या अभ्यासात तर हा उरलेला अर्धा भाग सोडून चालत नाही.

हा अर्धा भाग चौकटीत मावतो की नाही, हे साध्या हिशेबाने तपासता येते. जमिनीवर मांडी घालून बसलेल्या माणसाच्या संकेतांचे क्षेत्र खाली भुईपासून वर उचललेल्या हातापर्यंत धरले, तर सुमारे दीड मीटर उंची लागते. ही उंची चौकटीत पूर्ण घेतली तर चारास तीन प्रमाणात २ मीटर रुंदी मिळते, सोळास नऊ प्रमाणात सुमारे २.६७ मीटर आणि २.३९ प्रमाणात सुमारे ३.६ मीटर. प्रौढ माणसाने दोन्ही हात पसरले तर दीड मीटरहून थोडे अधिक अंतर होते. म्हणजे एकट्या वक्त्यासाठी दोन मीटर पुरेत. उरलेली रुंदी त्याची नाही. ती भिंतीची आणि अंगणाची आहे.

आणि ती रुंदी फुकट मिळत नाही. १०८० ओळींचे पूर्ण चित्र वापरले तर दीड मीटरमध्ये प्रत्येक मीटरला ७२० ओळी येतात, आणि वीस सेंटिमीटर उंचीच्या चेहऱ्याला १४४. पट्ट्या टाकलेल्या ८०३ ओळींच्या चित्रात त्याच चेहऱ्याला सुमारे १०७ ओळी मिळतात. ओठ मिटले की नुसते जवळ आले, स्वर उच्चारताना ओठ गोल झाले की नाही, नजर कोणाकडे वळली, हे प्रश्न अशाच ओळींवर सुटतात. ध्वनिमुद्रणात संदिग्ध राहिलेला ओष्ठ्य ध्वनी चित्र पाहून ठरविण्याचा प्रसंग प्रत्येक क्षेत्रकार्यकर्त्यावर येतो, आणि तेव्हा या ओळींची किंमत कळते.

चेहरा लहान होऊ द्यावयाचा नाही असे चित्रकाराने ठरविले, तर तो कॅमेरा पुढे आणतो. चेहऱ्याच्या १४४ ओळी कायम राखल्या तर पट्ट्यांच्या चौकटीत दीड मीटरऐवजी सुमारे १.१२ मीटर उंचीच मावते. अडतीस सेंटिमीटर गेले. ते कोठून जातात हेही ठरलेलेच आहे. चित्रकार डोके कापीत नाही. डोके कापलेले चित्र कोणालाही खटकते. तो खालचा भाग सोडतो. खालच्या भागात मांडी आहे, मांडीवरचे हात आहेत, भुईवर बोटाने ओढलेली रेघ आहे, आणि जमिनीपासून वीतभर उंच धरलेला तो तळहात आहे. ‘एवढा’ हा शब्द ऐकू येतो. केवढा ते मात्र कळत नाही. पाहणाऱ्याला चित्र देखणे वाटते, काही हरवले आहे अशी शंकाही येत नाही. रुंद चौकटीचा खरा दोष हा की तिच्यातले नुकसान दिसत नाही.

येथे दुसऱ्या टोकाची रूढीही तपासली पाहिजे. मोबाइल उभा धरून घेतलेले नऊस सोळा प्रमाणाचे चित्र उंचीच्या बाबतीत उदार असते. पण दीड मीटर उंचीला त्यात जेमतेम ८४ सेंटिमीटर रुंदी मिळते. पसरलेले हात त्यात मावत नाहीत, आणि शेजारी बसलेल्या माणसाचा तर प्रश्नच नाही. तेव्हा आडव्या कापणीचा निषेध करावयाचा आणि उभ्या कापणीकडे दुर्लक्ष करावयाचे, हे सुसंगत होणार नाही.

४

मग रुंदीला न्याय्य स्थान आहे की नाही? निश्चितच आहे, आणि निहालीच्या बाबतीत ते विशेष आहे.

निहाली भाषक बहुधा एकाहून अधिक भाषा वापरतात. शेजारच्या कोरकूंशी कोरकू, बाजारात आणि कचेरीत मराठी किंवा हिंदी, आणि आपल्यातल्या आपल्यात निहाली, अशी ही वाटणी ढोबळमानाने सांगितली जाते. अशा समाजात कोणती भाषा उमटेल हे बोलण्याच्या विषयाइतकेच, किंबहुना अधिक, समोर कोण आहे यावर ठरते. एखादी वृद्ध स्त्री नातवाशी बोलता बोलता दारात उभ्या राहिलेल्या पाहुण्यामुळे मध्येच मराठीवर येते, असा प्रसंग कल्पावा. एकट्या वक्त्याच्या आवळ चित्रात ही भाषापालट अकारण वाटेल. विश्लेषक तिला शब्दाच्या विस्मरणाचे, किंवा भाषा विरत चालल्याचे लक्षण समजेल. पाहुणा चौकटीत असता तर कारण आपोआप स्पष्ट झाले असते. श्रोता हा येथे पार्श्वभूमी नाही. तो भाषिक निवडीचे कारण आहे, आणि कारण चौकटीबाहेर ठेवून कार्याचा अभ्यास होत नाही.

मघाच्या हिशेबात सोळास नऊ प्रमाणाने दिलेली २.६७ मीटर रुंदी आता उपयोगी पडते. दीड मीटर उंचीसह ही रुंदी म्हणजे समोरासमोर बसून बोलणाऱ्या दोन माणसांची जागा होय. तडजोडीतून जन्मलेले प्रमाण संभाषणाला नेमके लागू पडावे, हा योगायोग आहे. पण तो उपयुक्त योगायोग आहे. प्रलेखनाचे मूल्य एकट्याच्या कथनापेक्षा परस्परसंभाषणात अधिक आहे, हे निकोलाउस हिमेलमान यांनी १९९८ मध्ये प्रलेखनात्मक भाषाविज्ञानाची स्वतंत्र मांडणी केल्यापासून सामान्यतः मान्य झाले आहे. तेव्हा संभाषण चित्रित करणाराने मूळ सेन्सरची पूर्ण रुंदी आणि पूर्ण उंची दोन्ही घ्यावीत. यात ‘सिनेमासारखे’ काही नाही. यात फक्त दोन माणसे आणि त्यांचे हात आहेत.

तिसरी बाब स्थळाची. बोलणारा जेव्हा समोरच्या जागेविषयी बोलतो तेव्हा ती जागा चौकटीत हवी, असे म्हटले जाते, आणि अतिरुंद चौकटीचे समर्थक येथे आपली बाजू सर्वांत भक्कम मानतात. ती तपासण्यासाठी याच जिल्ह्याच्या दक्षिण भागातील लोणारचे उदाहरण घेता येईल. कारण रुंद चित्राचा मोह व्हावा असे त्याहून योग्य स्थळ विदर्भात क्वचितच असेल. उल्कापाताने बेसाल्ट खडकात झालेल्या या विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे आणि कडेपासून खोली सुमारे दीडशे मीटर. स्थानिक कथा सांगणारा काठावर उभा राहून लवणासुराच्या वधाची हकीकत सांगतो, तेव्हा त्याच्या बोलण्यात ‘खाली’ आणि ‘वर’ या शब्दांना ‘इकडे’ आणि ‘तिकडे’ या शब्दांइतकेच महत्त्व असते. असुर पाताळात होता आणि विष्णू वरून आला, ही कथाच मुळी उभी आहे.

आता संपूर्ण व्यास चौकटीच्या रुंदीत बसविला असे समजू. रुंदीत १९२० चित्रबिंदू आहेत. दर्शनभ्रमाचा विचार बाजूला ठेवून ढोबळ मान काढले तर दीडशे मीटर खोलीला सुमारे १६० ओळी येतात. पट्ट्या नसताना १६०, आणि पट्ट्या टाकल्यावरही १६०. कारण उघड आहे. पट्ट्यांनी रुंदी वाढलेली नाही. विवर एका वितीनेही अधिक दिसत नाही. गेले ते फक्त वरचे आकाश आणि खालचा काठ. आणि त्या काठावर उभा असलेला सांगणारा माणूस बहुधा त्याच खालच्या भागात असतो. म्हणजे स्थळ मिळविण्यासाठी चौकट निवडली आणि त्या निवडीने स्थळ तेवढेच राहून माणूस मात्र गेला. ‘कागज के फूल’मधील भिंग खरोखर रुंदावणारे होते; त्याचे अनुकरण म्हणून टाकलेली पट्टी कापणारी आहे. दोन्हींना एकच नाव दिल्याने हा फरक झाकला जातो.

लोणारची रुंदी हवीच असेल तर तिचे दोन प्रामाणिक मार्ग आहेत. अधिक रुंद कोनाचे भिंग वापरावे, किंवा खऱ्या आकसणाऱ्या भिंगाने चित्रण करावे. आणि खोली हवी असेल तर विवराच्या उतारावरून खाली जाणाऱ्या माणसाबरोबर खाली जावे. कारण खोली ही कोणत्याही प्रमाणाच्या चौकटीत पाहण्यापेक्षा चालण्यातच अधिक कळते. दोन्ही मार्गांना कष्ट आहेत. पट्टीला कष्ट नाहीत, आणि तिचे आकर्षण बव्हंशी तेवढ्यातच आहे.

५

या विवेचनावर काही आक्षेप संभवतात. पहिला असा की मानवी दृष्टी आडवी असते, म्हणून रुंद चित्र अधिक नैसर्गिक. दोन डोळे शेजारी शेजारी असल्यामुळे दृष्टिक्षेत्र उभ्यापेक्षा आडव्या दिशेने मोठे आहे, हे खरे. परंतु दृष्टी फिरते. चौकट फिरत नाही. समोर बसलेल्या श्रोत्याला वक्त्याचा हात खाली गेलेला दिसतो, कारण त्याची नजर हाताबरोबर खाली जाते. चित्र पाहणाराची नजर चौकटीच्या कडेशी थांबते. डोळ्याच्या घडणीवरून काढलेला निष्कर्ष चौकटीला लावणे म्हणजे चालत्या वस्तूचा नियम खिळलेल्या वस्तूला लावणे होय.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. पट्ट्या नंतर संपादनात टाकल्या तर मूळ चित्र सुरक्षितच राहते, मग हानी कोणती? हा आक्षेप अंशतः मान्य केला पाहिजे. मूळ चित्र अखंड जपले आणि प्रदर्शनासाठी वेगळी प्रत केली तर पुराव्याची हानी होत नाही. अडचण अशी की चित्र घेणारा पट्टीच्या हिशेबानेच कॅमेरा लावतो. पडद्यावर दिसणाऱ्या खुणेच्या आत जे बसेल ते त्याला हवे असते; खुणेच्या बाहेर उरलेल्या भागात मायक्रोफोनची दांडी येते, दिव्याचा पाय येतो, किंवा भाषकाचे हात नुसते योगायोगाने येतात. शिवाय काही कॅमेरे पट्ट्यांसहच मुद्रण करतात आणि मग झाकलेला भाग अस्तित्वातच राहत नाही. म्हणून निर्णय संपादनावर सोडता येत नाही. तो कॅमेरा लावण्यापूर्वीच झाला पाहिजे.

तिसरा मुद्दा आक्षेप नसून इशारा आहे, आणि तो रुंदीच्या समर्थकांनी आणि विरोधकांनी सारखाच ऐकण्यासारखा आहे. चौकट जितकी रुंद, तितकी तिच्यात न विचारलेली माणसे अधिक. अंगणात खेळणारे मूल, ओसरीवर झोपलेले आजारी माणूस, चुलीपाशी बसलेली सून, यांनी चित्रणाला संमती दिलेली नसते. संमती एकट्या वक्त्याने दिलेली असते. गरिबीचे घर परक्याच्या चित्रात पार्श्वभूमी म्हणून वापरले जावे, यात अभ्यासकाला न दिसणारा अपमानही असू शकतो. श्रोता चौकटीत हवा असेल तर तो श्रोता म्हणून, त्याला विचारून हवा. रुंदीचा अधिकार भिंगाने मिळत नाही. तो त्या घरातील माणसांकडून घ्यावा लागतो.

शेवटी जुन्या साठ्याचा प्रश्न उरतो. चारास तीन प्रमाणातील जुन्या फिती आज रुंद पडद्यावर दाखविल्या जातात तेव्हा मोकळ्या कडा नकोत म्हणून चित्र आडवे ताणले जाते, किंवा वर-खाली कापले जाते. ताणलेल्या चित्रात प्रत्येक चेहरा तृतीयांशाने रुंद होतो आणि प्रत्येक हस्तसंकेताचे माप खोटे ठरते. ‘एवढा’ म्हणून आडवे दाखविलेले अंतर तितक्याच पटीने फुगते. कापलेल्या चित्रात पुन्हा तीच वीतभर जागा जाते. जुने चित्र त्याच्या मूळ प्रमाणात, दोन्ही बाजूंना रिकामी जागा ठेवून दाखविणे हेच शास्त्रीय आहे. ती रिकामी जागा उणीव नाही. मूळ कॅमेऱ्याने कोठपर्यंत पाहिले याची ती प्रामाणिक नोंद आहे.

६

सारांश, रुंद चौकटीच्या बाजूने किंवा विरुद्ध असा सरसकट कौल देता येत नाही. प्रश्न प्रत्येक वेळी एकच विचारावा लागतो. ज्या संबंधामुळे हे बोलणे घडत आहे तो संबंध कोणत्या दिशेचा आहे? दोन बोलणाऱ्यांमधला असेल तर तो आडवा आहे आणि रुंदीला त्याच्यावर हक्क आहे. वक्ता आणि भुई, वक्ता आणि त्याने हाताने दाखविलेले लहानपण, यांमधला असेल तर तो उभा आहे आणि तेथे उंचीचा एक सेंटिमीटरही सोडता येत नाही. बहुतेक बोलण्यात हे दोन्ही संबंध आलटून पालटून येतात. म्हणूनच सेन्सरने दिलेले संपूर्ण चित्र घेणे आणि त्यातले काहीही आगाऊ न टाकणे, ही क्षेत्रकार्याची सामान्य शिस्त असली पाहिजे. त्याहून रुंद चित्राची खरोखर गरज भासली तर ते रुंदावणाऱ्या भिंगाने मिळवावे, कापणाऱ्या पट्टीने नव्हे.

सर्वेक्षणाच्या काळात निहालीचे जे नमुने कागदावर उतरले त्यांत आवाज नव्हता, आणि त्याबद्दल त्या काळाला कोणी दोष देत नाही; साधनच तेवढे होते. पुढच्या पिढीतील अभ्यासक आजच्या चित्रांकडे पाहतील तेव्हा साधनाची सबब आजच्या अभ्यासकाला असणार नाही. हात दिसत होता, कॅमेऱ्यात मावत होता, आणि चित्र अधिक देखणे व्हावे म्हणून तो सोडला, एवढेच उत्तर उरेल. जळगाव जामोद तालुक्यातील एखाद्या अंगणात कोणी वृद्ध माणूस भुईपासून वीतभर उंच हात धरून आपल्या लहानपणाची गोष्ट सांगत असेल, तर तो हात आणि त्याखालची भुई चौकटीत असणे, हे त्या गोष्टीचे शब्द अचूक उतरवून घेण्याइतकेच अभ्यासकाचे कर्तव्य आहे.